पेरणाऱ्याचा दाखला : आधी पेरणीची पद्धत सांगा

भाऊ, येशूच्या या दाखल्यात बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं. त्यावरून ‘पेरणारा वाटेवर बी टाकतो, म्हणजे बेफिकीर’ हा तुमचा अर्थ पटत नाही. आपल्याकडे कपाशीची टोबणी (एकेक बी हाताने मातीत खोचणं) आणि ज्वारीची पाभर (ओळीत बी सोडणारं अवजार) डोळ्यांसमोर असते, म्हणून तसं वाटतं. येशूच्या काळी त्याच्या गालील प्रांतात बी मुठीने फोकून, म्हणजे विखरून, पेरत. पायवाटेवर थोडं पडणारच.

नवापूर-चोपड्याकडे प्रवचन करताना हे आधी सांगा, दोन मिनिटं पुरतात. मग बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातलं ४:३-९ वाचून थांबा. ‘खडकाळ’ म्हणजे दगड-गोट्यांचं शेत नव्हे. वर चार बोटं माती, खाली सलग खडक. आपली मुरमाड बरड आठवा. माती उथळ, म्हणून कोंब लवकर वर येतो, पण मुळाला खाली जागाच नाही, उन्हं चढली की करपतो. ५-६ वचनांत हेच कारण दिलंय.

सगळ्यात जास्त चूक पुढे होते. १३-२० वचनांतला येशूचा खुलासा घेऊन मंडळीतल्या (चर्चमधल्या) माणसांना चार जमिनी वाटून दिल्या जातात, आणि आठव्या वचनातलं तीसपट, साठपट, शंभरपट पीक राहूनच जातं. माझ्या मते प्रवचनाचा निम्मा वेळ त्या पिकाला द्या. लूक ८:८ मध्ये तर फक्त शंभरपटच आहे. सोबत बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्ती २६:१२ वाचा: इसहाकाचं शंभरपट पीक, देवाचा आशीर्वाद म्हणून.