सिंगापूरला कंपनी काढायची आहे, तिथला कंपनी सेक्रेटरी आणि लोकल डायरेक्टर यांचं काय करायचं?

विजयनगर_कोडवाला
नमस्कार मंडळी. इंदूरला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, प्रायव्हेट लिमिटेड, मी आणि पार्टनर दोघंच डायरेक्टर, ऑफिस विजयनगरला. सिंगापूरचा एक क्लायंट आहे, लॉजिस्टिक्सवाला, काम मस्त चाललंय, पण आता त्यांचं म्हणणं पुढचं काँट्रॅक्ट सिंगापूरच्या कंपनीशीच करू, परदेशी व्हेंडर त्यांच्या परचेसवाल्यांना चालत नाही. म्हणून तिथे कंपनी काढायचं चाललंय. ऑनलाइन एका एजंटशी बोललो तर त्याने पॅकेज दिलं, नाव, रजिस्ट्रेशन, पत्ता, सेक्रेटरी, नॉमिनी डायरेक्टर (तिथे राहणारा एक तरी डायरेक्टर लागतो म्हणून पैसे घेऊन नाव देणारा माणूस) सगळं मिळून एका वर्षाचं, वर म्हणतो सुरुवातीची वर्षं टॅक्स जवळजवळ शून्य.

आता डोक्यात गोंधळ असा की सेक्रेटरी, म्हणजे कंपनीचे कायदेशीर कागद बघणारा माणूस, लागतोच का? इथे तर आमच्याएवढ्या कंपनीला सीएस (कंपनी सेक्रेटरी) ठेवायची सक्ती नाही. दुसरं म्हणजे माझा मावसभाऊ तिथे एम्प्लॉयमेंट पासवर (परदेशी लोकांचा नोकरीचा परवाना) नोकरीला आहे, तो म्हणतो मी होतो डायरेक्टर, मग नॉमिनीचे पैसे वाचतील ना? पॅकेजमध्ये सगळ्यात महाग तेच आहे. आणि शेअरचे पैसे माझ्या खात्यातून पाठवू का कंपनीच्या? आमचे सीए म्हणतात पाठवून द्या, एलआरएसमध्ये (व्यक्तीला दर वर्षी परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची सवलत) बसेल. कुणी हे केलं असेल तर सांगा प्लीज.

छप्पन_शिकंजी
भिया, आधी क्लायंटला विचारा की सिंगापूरची कंपनी "हवी" आहे का "असली तर बरं" आहे. माझ्या ओळखीतल्या एकाला असंच सांगितलेलं, मग कळलं की त्यांना फक्त बिल सिंगापूर डॉलरमध्ये पाहिजे होतं 😂 ते तर इथून एलयूटी (जीएसटी न भरता एक्सपोर्ट करायचं हमीपत्र) भरून एक्सपोर्ट दाखवूनही होतं, जीएसटी लागत नाही. पैसे पाठवायच्या आधी थांबा जरा.

जयेंद्रगंज_सीएस
मी ग्वाल्हेरला सीएस प्रॅक्टिस करतो. तुमच्या इंदूरच्या कंपन्यांचं आरओसी (कंपनी नोंदणीचं सरकारी ऑफिस) आमच्या गावात, त्यामुळे इंदूरकरांचे फोन रोज येतात 🙂 एकेक घेतो.

सेक्रेटरी लागतोच. आपल्याकडे दहा कोटी पेडअप कॅपिटल (शेअरचं भरलेलं भांडवल) झाल्याशिवाय पूर्णवेळ सीएसची सक्ती नाही, पण सिंगापूरला एक डॉलर कॅपिटलची कंपनी असली तरी सेक्रेटरी पाहिजे, कंपनी निघाल्यापासून सहा महिन्यांत नेमावा लागतो आणि नंतरही ती जागा सहा महिन्यांपेक्षा जास्त रिकामी ठेवता येत नाही. तो सिंगापूरला राहणारा हवा. आणि कंपनीत एकच डायरेक्टर असेल तर तोच सेक्रेटरी होऊ शकत नाही. रजिस्टर्ड पत्ताही तिथलाच पाहिजे, पोस्ट बॉक्स चालत नाही. परदेशी माणसाकडे सिंगपास (तिथलं सरकारी डिजिटल ओळखपत्र) नसतो, त्यामुळे अ‍ॅक्राच्या बिझफाइलवर (अ‍ॅक्रा म्हणजे तिथलं कंपनी नोंदणी खातं, बिझफाइल त्याचं पोर्टल) आपण स्वतः काही भरू शकत नाही, रजिस्टर्ड एजंटशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे एजंट हवाच, पण त्याचं अख्खं पॅकेज घेतलंच पाहिजे असं नाही. सरकारी फी नाव आणि रजिस्ट्रेशन मिळून 315 सिंगापूर डॉलर आहे, त्यावर जे काही लागतं ते सगळं एजंटचं, हे लक्षात ठेवून बोली करा. एक बघून घ्या, 2025 च्या जूनपासून तिथे कॉर्पोरेट सर्व्हिस देणाऱ्यांसाठी नवीन कायदा लागू झालाय, नॉमिनी डायरेक्टरचा धंदा आता रजिस्टर्ड प्रोव्हायडरमार्फतच करता येतो आणि तो माणूस लायक आहे की नाही हे त्या प्रोव्हायडरने तपासायचं असतं. तर एजंट रजिस्टर्ड आहे का ते आधी विचारा, उत्तर देताना चाचरला तर सोडून द्या.

हे सगळं सोपं आहे, पैसे टाकले की होतं. लोक अडकतात ते इकडच्या बाजूला, फेमात, म्हणजे आपल्या परकीय चलनाच्या कायद्यात. ऑगस्ट 2022 मध्ये परदेशी गुंतवणुकीचे नवीन नियम आले, त्यात तुमच्या ऑथराइज्ड डीलर (परकीय चलनाचे व्यवहार करायची परवानगी असलेल्या) बँकेकडे फॉर्म एफसी भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख नंबर, घ्यायचा असतो, आणि तो पैसे पाठवायच्या किंवा शेअर घ्यायच्या आधी, जे पहिलं होईल त्याच्या आधी. गंमत बघा, एजंट म्हणतो एका दिवसात कंपनी काढून देतो, आणि कंपनी निघाली की शेअर तुमच्या नावावर लागलेच, बँकेत मात्र अजून फाइलच नाही. म्हणून आधी बँकेशी बसून क्रम ठरवा, मग एजंटला हो म्हणा. उशीर झाला तर लेट सबमिशन फी भरून मोकळं होता येतं, पण मुद्दाम कशाला. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत बँकेला द्यायचं, दर वर्षी 31 डिसेंबरपर्यंत एपीआर (परदेशी कंपनी कशी चालली याचा वार्षिक रिपोर्ट), आणि गुंतवणूक कंपनीने केली असेल तर 15 जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला एफएलए रिटर्न (परदेशी देणी आणि मालमत्तेचा हिशोब). इकडच्या कंपनीचा बोर्ड रिझॉल्यूशन तर पाहिजेच.

विजयनगर_कोडवाला
बापरे. म्हणजे एलआरएसमधून पाठवून द्या म्हणणं चुकीचं?

जयेंद्रगंज_सीएस
चुकीचं नाही, अर्धवट आहे. तुम्ही व्यक्ती म्हणून गुंतवणूक केली तर ती एलआरएसच्या वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरच्या मर्यादेतच मोजतात, पण फॉर्म एफसी, यूआयएन आणि एपीआर तरीही आहेच. वर वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढे गेलात तर पुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (बँकेनेच आधी वसूल केलेला टॅक्स) कापतात, तो नंतर रिटर्नमध्ये सुटतो पण तोवर पैसे अडकले. व्यक्तीला एफएलए भरावं लागत नाही, तेवढं एक सुख.

टॅम्पिनीस_इंदौरी
मूळचा सुदामानगरचा, बरीच वर्षं इथे सिंगापूरला आहे, पीआर (कायमचा रहिवासी). मावसभावाबद्दल बोलतो कारण तिथेच लोक फसतात.

एम्प्लॉयमेंट पासवाला माणूस लोकल डायरेक्टर म्हणून मोजला जातो हे खरं, पण तो ज्या कंपनीत नोकरी करतो तिच्यासाठी त्याला तो पास मिळालाय. दुसऱ्या कंपनीत डायरेक्टर व्हायचं तर मॅनपॉवर मिनिस्ट्रीचं संमतीपत्र लागतं, आणि ते साधारण त्याच्या एम्प्लॉयरशी शेअरहोल्डिंगने जोडलेल्या कंपनीसाठी देतात. तुमच्या कंपनीचा आणि त्याच्या ऑफिसचा काय संबंध? काही नाही. म्हणजे मिळणार नाही आणि न विचारता झाला तर त्याच्या पासावरच येईल. त्याच्या बायकोला कळलं तर तुमचं सिंगापूरला येणंजाणंच बंद 😅

आणि समजा तो पीआर असता तरी मी विचारलं असतं की त्याला नेमकं काय सांगितलंय तुम्ही. "फक्त नाव लावायचंय" असं काही इथे नसतं, कायद्याने डायरेक्टर तो डायरेक्टर. अ‍ॅन्युअल रिटर्न उशिरा भरला तर तीन महिन्यांपर्यंत 300 डॉलर दंड आणि त्यापुढे 600, तेवढ्यावर भागलं तर ठीक, पण पाच वर्षांत अशा फाइलिंगच्या तीन गुन्ह्यांत दोषी ठरलं तर डायरेक्टर व्हायलाच बंदी येते. तुम्ही इंदूरला बसून विसरणार आणि नोटीस त्याच्या घरी जाणार. नॉमिनीवाले म्हणूनच महाग असतात आणि वर डिपॉझिट मागतात, ते जोखमीचे पैसे आहेत. मला विचाराल तर पहिल्या वर्षी नॉमिनी घ्या, धंदा जमला की तुमच्यापैकी एकाने इथे पास काढून या, मग नॉमिनीला सुट्टी.

दांडियाबाजार_वहिनी
आमचं बडोद्याला व्हॉल्व्हचं आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, सिंगापूरला विक्रीसाठी सबसिडियरी आहे आणि तिचे कागद मी बघते. सीएस साहेबांनी सगळं सांगितलंच आहे पण दोन गोष्टी राहिल्या आणि दोन्ही पैशाच्या आहेत.

पहिली तो "टॅक्स शून्य" वाला मुद्दा. नवीन कंपनीची सूट आहे खरी, पहिल्या तीन असेसमेंट वर्षांत पहिल्या एक लाख डॉलर नफ्यावर 75 टक्के आणि पुढच्या एक लाखावर 50 टक्के माफ. पण त्यासाठी शेअरहोल्डरमध्ये निदान एक माणूस, म्हणजे कंपनी नव्हे व्यक्ती, किमान दहा टक्के शेअर धरून पाहिजे. सगळे शेअर तुमच्या इंदूरच्या कंपनीच्या नावावर घेतलेत तर ही सूट गेली, मग साधी सूट मिळते, पहिल्या दहा हजारावर 75 आणि पुढच्या 1 लाख 90 हजारावर 50. एजंटला तुमचे शेअर कुणाच्या नावावर जाणार हे माहीत तरी होतं का शून्य म्हणताना? त्यामुळे "पैसे माझ्या खात्यातून का कंपनीच्या" हा तुमचा शेवटचा प्रश्न नाही, पहिला आहे. मूळ दर 17 टक्के आहे.

दुसरी ऑडिटची. एजंट म्हणेल ऑडिट लागत नाही, आणि सिंगापूरच्या हिशोबाने ते बरोबर आहे, कारण टर्नओव्हर एक कोटी डॉलरच्या आत, मालमत्ता एक कोटीच्या आत, माणसं पन्नासच्या आत, यातल्या दोन बसल्या की छोटी कंपनी म्हणून ऑडिट माफ (ग्रुप असेल तर सगळा ग्रुप मिळून बघतात, हे विसरू नका). पण आपल्याकडचा एपीआर ऑडिट केलेल्या हिशोबावरच भरायचा असतो. ऑडिट नसलेल्या हिशोबावर चालतं ते फक्त तिथल्या कायद्यात सक्ती नसेल आणि तुमच्याकडे कंट्रोलही नसेल तेव्हा, आणि दहा टक्के मतदानाचा हक्क आला की आपल्या नियमात कंट्रोल धरतात. तुमची तर शंभर टक्के. म्हणजे सिंगापूर नको म्हणतं आणि रिझर्व्ह बँक मागते. आमच्या बँकेने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑडिट रिपोर्ट मागितला, तिथला ऑडिटर ख्रिसमसच्या सुट्टीवर, मग जी काय धावपळ झाली! ऑडिटरचा खर्च आत्ताच बजेटमध्ये धरा आणि कंपनी काढतानाच वर्षअखेर 31 मार्च ठेवा, इकडचं तिकडचं एकदम होतं. मार्च धरला तर टॅक्सचा अंदाज जूनअखेर, अ‍ॅक्राचा रिटर्न ऑक्टोबरअखेर, आपला एपीआर डिसेंबर आणि टॅक्सचा फॉर्म त्याच्या पुढच्या वर्षीचा 30 नोव्हेंबर. मी हे फ्रिजवर लावून ठेवलंय, नवरा म्हणतो घरात देवापेक्षा अ‍ॅक्राचं कॅलेंडर मोठं.

छप्पन_शिकंजी
वहिनी 🙏 एक शंका, हाँगकाँग किंवा यूके का नाही? माझा मित्र म्हणत होता यूकेला सेक्रेटरीच लागत नाही.

जयेंद्रगंज_सीएस
बरोबर आहे, यूकेत प्रायव्हेट कंपनीला 2008 पासून सेक्रेटरीची सक्ती नाही, डायरेक्टर तिथे राहणारा असावा असंही नाही. आता डायरेक्टरची ओळख पडताळणी मात्र करावी लागते, नोव्हेंबर 2025 पासून. हाँगकाँगला डायरेक्टर कुठलाही चालतो पण सेक्रेटरी तिथला लागतो, आणि ऑडिट दर वर्षी, कंपनी किती का छोटी असेना. पण यांच्या क्लायंटला सिंगापूर हवंय, लंडनची कंपनीही त्यांच्यासाठी परदेशीच ना. आणि देश कुठलाही घ्या, फेमाचं वरचं सगळं तसंच लागतं.

विजयनगर_कोडवाला
सगळ्यांचे आभार, मावसभावाला रात्रीच फोन करून नको म्हटलं, तो उलट सुटलो म्हणाला. क्लायंटलाही विचारलं, त्यांना कंपनीच हवी आहे, लेखी दिलंय. शेअर कंपनीच्याच नावावर घ्यायचा विचार आहे, टॅक्सची सूट गेली तरी. पार्टनरशी अर्धं माझं अर्धं तुझं वाद नको आणि टीसीएसची कटकट नको.

आता नवीन अडचण. एजंटने पत्त्याचा पुरावा मागितला, माझं लाइट बिल हिंदीत आहे आणि बाबांच्या नावावर. पासपोर्टवर जुना रामबागचा पत्ता. काय देऊ?

टॅम्पिनीस_इंदौरी
बँक स्टेटमेंट द्या, इंग्रजीत, नवीन पत्त्याचं, शक्यतो तीन महिन्यांच्या आतलं. नाहीतर लाइट बिलाचं सर्टिफाइड भाषांतर मागतील आणि तरी बाबांचं नाव तसंच राहणार. आणखी एक, खरे मालक कोण याचं रजिस्टर कंपनीला ठेवावं लागतं, शेअर कंपनीच्या नावावर असले तरी मागच्या माणसांपर्यंत जातात, म्हणून पार्टनरचेही तेच कागद तयार ठेवा. आणि सेक्रेटरी दर वेळी ठराव सहीला पाठवेल, बँक खातं उघडा, पत्ता बदला, काहीही. वाचून सही करा. आमच्या ऑफिसच्या ओळखीतल्या एकाने न वाचता सही केली आणि दोन वर्षं फी आपोआप वाढत गेली, ठरावातच लिहिलेलं होतं.

दांडियाबाजार_वहिनी
तुमची इंदूरची कंपनी सिंगापूरच्या कंपनीला बिल लावणार ना? मग ट्रान्सफर प्रायसिंग आलं, म्हणजे आपल्याच दोन कंपन्यांमधला भाव बाजारभावासारखा आहे हे दाखवणं. क्लायंटकडून शंभर घेऊन इकडे चाळीस पाठवाल तर साठ कशाचे हे दाखवावं लागेल, तिथे तर एकही माणूस नाही कामाला. रेट आधी ठरवून करार करून ठेवा, आणि दर वर्षी सीएचा रिपोर्ट लागतो, रक्कम छोटी असली तरी.

विजयनगर_कोडवाला
हे आमच्या सीएंना दाखवतो आज. बँकेत सोमवारी जातोय, आमच्या ब्रँचला काही कळेल असं वाटत नाही.

जयेंद्रगंज_सीएस
ब्रँचमध्ये वेळ घालवू नका, त्यांना सांगा ओडीआयची (परदेशी कंपनीतल्या थेट गुंतवणुकीची) फाइल आहे, फॉरेक्सवाल्या ब्रँचचा नंबर द्या. "पैसे बाहेर पाठवायचेत" एवढंच म्हणालात तर ते विचारतील मुलगा कुठल्या युनिव्हर्सिटीत आहे आणि शिक्षणाचा फॉर्म हातात देतील. आणि एक बँक धरली की त्या कंपनीचे सगळे व्यवहार तिथूनच करायचे असतात, तेव्हा जिथे फोन उचलतात ती बँक धरा.