शब्दचर्चा : निर्जरा (आणि निर्जर, जिरणं, झडणं वगैरे)

जैन तत्त्वज्ञानावरचं वाचताना एक शब्द सारखा आडवा येतोय, निर्जरा. कर्माची निर्जरा झाल्याशिवाय मोक्ष नाही, अशा टाइपची वाक्यं. मला निर्जर म्हणजे देव एवढंच माहीत, ज्याला जरा म्हणजे म्हातारपण नाही तो. मग कर्माला म्हातारपण नाही म्हटलं तर कर्म कायमचं टिकलं असा उलटाच अर्थ होतो ना? जाणकारांनी सांगा प्लीज. आणि निर्जरा होते म्हणायचं की करतात?

*

निर्जळी वरून आला असेल. उपासतापासाशी संबंध आहेच की.

*

नाही हो, निर्जळीत जल आहे. आणि कोणी झरा काढायच्या आत सांगतो, निर्झराशीही संबंध नाही, तो झ वेगळा.

धातू आहे जॄ, म्हणजे झिजणं, जुनं होणं. जरा, जीर्ण, अजीर्ण ही सगळी त्याचीच पोरं आणि आपलं मराठी जिरणं सुद्धा. म्हणजे निर्जर आणि निर्जरा सख्खे भाऊबहीण आहेत पण निर् चं काम दोन्हीकडे वेगळं. निर्जर मधला निर् निर्धन सारखा, नसलेला. निर्जरा मधला निर्गमन सारखा, बाहेर किंवा पुरतं. पुरतं झिजून गळून जाणं ती निर्जरा, म्हणून स्त्रीलिंगी नाम. कन्फ्युजन वाढवायला अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, ओळच आहे 'अमरा निर्जरा देवाः', तिथला निर्जरा म्हणजे निर्जर चं अनेकवचन, संधीत विसर्ग गेलाय एवढंच, त्याचा या निर्जरेशी काही संबंध नाही.

झिजतं काय तर कर्म. आता जैन विचारात कर्म म्हणजे नुसतं केलेलं काम नाही, ते पुद्गल आहे, जीवाला येऊन चिकटणारं सूक्ष्म द्रव्य. ते चिकटलेलं सुटून पडणं ही निर्जरा. त्यामुळे मराठीत अर्थ देताना जिरणं नको, जिरलेलं आतच राहतं. झडणं बरोबर बसतं, कर्म झडलं.

*

वा, मस्त. पण मग एक शंका. प्रत्येक कर्म कधी ना कधी फळ देऊन झडणारच असेल तर भोगून भोगून एक दिवस सगळा स्टॉक संपेल की. मोक्ष ऑटोमॅटिक?

*

इथेच तर खरी गोम आहे. तत्त्वार्थसूत्रात, म्हणजे जैन तत्त्वज्ञानाच्या मूळ सूत्रग्रंथात, निर्जरा कशी होते ते दोन वेगळ्या ठिकाणी येतं आणि ते मुद्दाम आहे. आठव्या अध्यायात कर्माच्या फळाबद्दल बोलून झालं की सूत्र येतं 'ततश्च निर्जरा', फळ दिलं की कर्म झडतं. ही सविपाक निर्जरा, ती किडामुंगीपासून देवापर्यंत सगळ्यांची क्षणोक्षणी चालूच आहे आणि तिने कोणी मुक्त होत नाही, कारण फळ भोगताना आपण रागावतो, हरखतो, हावरेपणा करतो आणि तेवढ्यात नवीन कर्म चिकटतं. मग नवव्या अध्यायात दुसरं सूत्र, 'तपसा निर्जरा च'. ही अविपाक, म्हणजे फळायची वेळ यायच्या आधीच तपाने झडवलेली. जैन आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या तत्त्वार्थसूत्रावरच्या टीकेत याला आंबा-फणसाचा दाखला आहे, झाडावर आपोआप पिकतो तो एक आणि आधी उतरवून पिकवलेला एक, आपल्याकडे आढी लावतात तसं.

आणि त्या सूत्रातला शेवटचा च सोडू नका. त्याच्या आधी संवराची चर्चा चालू आहे, संवर म्हणजे नवीन कर्म आत यायचं थांबवणं. च म्हणजे 'सुद्धा', तपाने संवर होतोच, निर्जराही होते. सात तत्त्वांचा क्रमही बघा ना, जीव, अजीव, आस्रव (कर्म आत येणं), बंध (ते चिकटणं), संवर, निर्जरा, मोक्ष. संवर आधी. दार उघडं ठेवून निर्जरा कितीही झाली तरी हिशोब तिथेच. दहाव्या अध्यायात मोक्षाची व्याख्याच अशी आहे की बंधाची कारणं उरली नाहीत आणि निर्जरा झाली, या दोन्हींनी सगळ्या कर्मांपासून सुटका तो मोक्ष. निर्जरा हा त्यातला अर्धा भाग. नुसतं कर्मक्षय म्हणजे मोक्ष असं जे सर्रास लिहिलं जातं त्यात बंधाची कारणं संपण्याचा पहिला अर्धा भाग गळून जातो, माझा आक्षेप त्याला आहे.

*

बोलण्यात मात्र निर्जरा म्हणजे उपास असंच समीकरण झालंय. पर्युषणात, म्हणजे जैनांच्या उपासाच्या पर्वात, तर हमखास.

*

हो, आणि ते अपुरं आहे. तपाचे प्रकार 12, सहा बाह्य सहा आभ्यंतर. उपास म्हणजे अनशन हा बाह्यातला पहिला. त्याच्या शेजारी अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं, रसपरित्याग म्हणजे तूप-दूध-गोड वगैरे सोडणं. वृत्तिपरिसंख्यान तर भारी प्रकार आहे, दिगंबर मुनी आहाराला निघताना मनात एखादी अट धरतात, समजा अमुक वस्तू हातात घेऊन कोणी दारात उभं असेल तरच आहार घेईन, आणि ती कोणाला सांगत नाहीत. अट जुळली नाही तर तसेच परत, त्या दिवशी आहार नाही. लोक दारोदारी कलश, नारळ, फळं घेऊन उभे असतात आणि अटीचा कोणालाच पत्ता नसतो. आभ्यंतर तपात मग प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य म्हणजे साधूंची सेवा, स्वाध्याय, व्युत्सर्ग म्हणजे ममत्व सोडणं, ध्यान. आजारी साधूची सेवा करणाराही तपच करतोय, पोटभर जेवून का असेना.

*

अकाम निर्जरा असंही वाचलंय, ते काय?

*

इच्छा नसताना सोसावं लागतं ते. कैदेत पडलेल्याची उपासमार, बांधून ठेवलेल्या जनावराची तहान. कर्म त्यानेही थोडं झडतं, पण मोक्ष नाही. तत्त्वार्थसूत्रात अकाम निर्जरा देवगतीच्या आयुष्याच्या कारणांत मोजलीय. म्हणजे निर्जरेने माणूस निर्जर होऊ शकतो 😀 पण जैनांचे देवही आयुष्य संपलं की मरतात, त्यांना संयम, म्हणजे साधूची व्रतं, घेता येत नाही आणि मोक्षासाठी परत माणसाचाच जन्म घ्यावा लागतो.

वापराचं राहिलं. निर्जरा होते, कर्माची होते, तपाने होते. करणे सोबतही चालतं, 'कर्मांची निर्जरा करणे' लिहितात. फक्त पापाची निर्जरा लिहून थांबू नका, पुण्यकर्मही शेवटी बंधच, ते पण झडावंच लागतं.