एसटीएम३२ वर के-लाइन: गाडीत बोर्ड अडकतो, टेबलावर नाही

वेर्णा_बेंच
भाड्याने फिरणाऱ्या जुन्या चारचाकींसाठी ट्रॅकर करतोय. मायक्रोकंट्रोलर एसटीएम३२एफ१०३, घड्याळ आतलंच ८ मेगाहर्ट्झचं. गाडीच्या संगणकाशी (ईसीयू) के-लाइन या एकाच तारेवरून बोलतो: ट्रान्सीव्हर एल९६३७डी, १०४०० बॉड, प्रोटोकॉल केडब्ल्यूपी. लाइन वर ओढून धरणारा रोध (पुलअप) ५१० ओहम, पाव वॅट.

टेबलावर सिम्युलेटर लावून दिवसभर चालतं (तिथे लॉग बंद असतो). गाडीत दर १० मिनिटांनी लॉग फ्लॅशमध्ये जातो, बहुतेकदा तेव्हाच बोर्ड अडकतो. कधी स्टार्टर मारतानाच. डीबगरमध्ये चुकांचा काउंटर काही सेकंदांत लाखाच्या वर, मुख्य लूप मात्र जागच्या जागी. वॉचडॉगही (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) रीसेट करत नाही.

बाइट आला की चालणाऱ्या इंटरप्टमध्ये एवढंच आहे: एसआर (यूएआरटी या सिरियल पोर्टचं स्टेटस रजिस्टर) वाचायचा, पीई, एफई, एनई, ओआरई (पॅरिटी, फ्रेमिंग, नॉइज, ओव्हररन या चुकांचे फ्लॅग) यांपैकी काही लागलेलं असेल तर काउंटर वाढवून परत, नाहीतर डीआर (डेटा रजिस्टर) वाचून बाइट बफरात.

मांडवी_स्कोप
आधी घड्याळ तपासा. भागाकाराची चूक नाही: ८० लाख भागिले १०४०० म्हणजे ७६९.२३, ७६९ धरलं तरी फरक ०.०३ टक्के. पण आतला ऑसिलेटर तापमानाबरोबर अडीच टक्क्यांपर्यंत सरकतो आणि एप्रिलात डॅशबोर्डमागे काय तापतं ते आपल्याला ठाऊक आहे. रिसीव्हर साधारण साडेतीन-चार टक्के सहन करतो, त्यात समोरच्या ईसीयूचाही वाटा. ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावाच.

फोंडा_इंटरप्ट
क्रिस्टल लावा, पण अडकण्याचं कारण ते नव्हे. घड्याळ सरकलं तर बाइट बिघडतील, लूप थांबणार नाही.

काउंटर लाखावर जातो यातच उत्तर आहे. एफ१०३ मध्ये हे फ्लॅग आधी एसआर आणि मग डीआर वाचल्यावरच उतरतात. तुम्ही चूक दिसली की डीआर न वाचता परत जाता. फ्लॅग तसाच राहतो, इंटरप्टमधून बाहेर पडताक्षणी पुन्हा आत. स्टार्टरच्या गोंधळात एक फ्रेमिंग एरर आली की संपलं.

लॉगचा संबंध असा: फ्लॅशचं एक पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात आणि फ्लॅशमधून चालणारा कोड तेवढा वेळ ठप्प होतो, इंटरप्टसुद्धा. १०४०० बॉडला एक बाइट ०.९६ मिलिसेकंदात येतो. त्या वेळात ईसीयू बोलत असेल तर ओव्हररन (आधीचा बाइट उचलण्यापूर्वीच नवा येणं) ठरलेलाच.

म्हणून एसआर एकदाच वाचून चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवा, लगेच डीआर वाचा, कोणताही फ्लॅग असो. मग चलातले फ्लॅग पाहून बाइट ठेवायचा की टाकायचा ते ठरवा. ‘आरएक्सएनई (नवा बाइट आल्याचा फ्लॅग) असेल तरच डीआर वाचा’ असंही लिहू नका: एसआर आणि डीआर यांच्या मधल्या क्षणी नवा बाइट आला तर आरएक्सएनई शून्य आणि ओआरई एक अशी अवस्था येते, आणि तुम्ही परत त्याच खड्ड्यात.

वॉचडॉग तुम्ही टायमर इंटरप्टमधून पाजत (वेळोवेळी ताजा करत) असणार, आणि त्याची प्रायॉरिटी यूएआरटीपेक्षा वरची. तो मुख्य लूपमध्ये हलवा.

वेर्णा_बेंच
वॉचडॉग खरंच टायमरमध्ये होता, हलवला. डीआर आधी वाचतो आता. चार वेळा स्टार्टर मारला, अडकलं नाही. पण लॉगच्या वेळी उत्तर अर्धवट येतं. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता बाइट थेट रॅममध्ये टाकणारी यंत्रणा) आणि आयडल इंटरप्ट (लाइन शांत झाली की येणारा) लावला तर चालेल का?

फोंडा_इंटरप्ट
डीएमए लावा, सर्क्युलर (बफर भरला की पुन्हा सुरुवातीपासून), ५१२ बाइट. फ्लॅश पुसत असतानाही तो रॅममध्ये भरत राहतो. हॅल (एसटीची तयार लायब्ररी) वापरत असाल तर डीएमएमध्ये कोणतीही चूक आली की तो रिसेप्शन बंद करतो. एरर कॉलबॅकमध्ये पुन्हा सुरू करावं लागतं.

आयडलवर मात्र संदेश संपला असं धरू नका. आयडल एका फ्रेमच्या शांततेनंतर लागतो, आणि केडब्ल्यूपीत ईसीयूला दोन बाइटांमध्ये २० मिलिसेकंदांपर्यंत थांबायची मुभा आहे. लांबी फॉरमॅट बाइटच्या खालच्या सहा बिटांत असते, ते शून्य असतील तर वेगळ्या बाइटमध्ये. तेवढे बाइट मोजा, २५ मिलिसेकंदांचा टाइमआउट ठेवा, शेवटी चेकसम. आणि एकाच तारेवर असल्यामुळे आपलाच पाठवलेला संदेश आधी परत येतो. तो जुळवून पाहा. जुळला नाही तर लाइनवरच काहीतरी बिघडलंय.

म्हापसा_वायरिंग
पुलअपबद्दल: लाइन जमिनीला चिकटली तर १४.४ व्होल्टला ५१० ओहममध्ये ०.४१ वॅट जळतात. पाव वॅटचा रोध टिकणार नाही, अर्धा वॅट घ्या.

दुसरं म्हणजे किनाऱ्यावरच्या गाड्यांची हिरवी पडलेली पिन. पाठवणाऱ्याने लाइन बॅटरीच्या २० टक्क्यांखाली न्यायची, घेणारा ३० टक्क्यांखालचं शून्य मानतो. १२ व्होल्टला हातात राहतात १.२ व्होल्ट. पुलअपमधून २४ मिलिअँपिअर वाहत असताना जोडात ५० ओहम जमले की ते संपले. ओहममीटर कमी प्रवाहावर मोजतो, म्हणून त्यावर विसंबू नका. ईसीयू लाइन खाली ओढतो तेव्हा पिनच्या दोन्ही बाजूंना स्कोप लावून फरक बघा. पिन साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस, बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर), आणि वायर कनेक्टरच्या आधी खाली वळवून मग वर न्या, म्हणजे पावसाळ्यात पाणी वळणावरूनच गळून जाईल.