भाजल्याच्या व्रणासाठी फॅट ग्राफ्टिंग आणि लेझर : नागपुरात कुणी उपचार घेतले आहेत का? (मदत हवी आहे)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या हातावरील भाजल्याच्या व्रणाबाबत आम्हाला लवकरच निर्णय घ्यायचा आहे. ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या कुणासाठी असे उपचार घेतले आहेत, त्यांच्याकडून मला माहिती हवी आहे.

14 महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, घरी सांबारवड्या तळताना कढई कलंडली आणि कडकडीत तेल तिच्या मनगटापासून दंडापर्यंत सांडले. जखम खोल असल्यामुळे मांडीची कातडी काढून, तिला जाळी पाडून, ती हातावर लावावी लागली. जखम वेळेत भरली आणि जंतुसंसर्ग झाला नाही, याबद्दल त्या डॉक्टरांचे आमच्यावर उपकारच आहेत. मात्र कोपराच्या आतल्या बाजूला, लावलेली कातडी जिथे संपते तिथे, दोरीसारखा जाड पट्टा तयार झाला असून हात पूर्ण सरळ होत नाही. वेणी घालायला तिला आजही आई लागते. खिडकीतून तिरपा उजेड आला की जाळीचा एकेक चौकोन मोजता येईल इतका स्पष्ट दिसतो. झोपेत खाजवून कातडी सोलली जाऊ नये म्हणून ती डाव्या हातात सुती मोजा चढवून झोपते.

व्रणावर लावायची सिलिकॉन शीट आणि प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारी घट्ट बाही) आम्ही नेमाने वापरले. गारमेंट दिवसाचे 23 तास घालायचे असते, आणि नागपुरात पारा 45 अंशांवर असताना ते घालणे म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. कूलरसमोर बसूनही बाही घामाने भिजायची, शीट सरकायची आणि खाली घामोळ्या उठायच्या. दोन बाह्या आलटून पालटून धुवून तिने तो उन्हाळा काढला. इलॅस्टिक सैल पडल्यावर पुन्हा माप देऊन नव्या शिवून घेतल्या. व्रणाची उंची नक्कीच कमी झाली, पण ओढ तशीच आहे.

आता प्लास्टिक सर्जनांनी सुचवले आहे की आधी झेड-प्लास्टी (इंग्रजी Z आकाराचे छेद देऊन ओढ सैल करण्याची शस्त्रक्रिया) करून तो पट्टा मोकळा करावा आणि नंतर फॅट ग्राफ्टिंग करावे. यात पोटाची चरबी बारीक नळीने काढून, स्वच्छ करून, व्रणाखाली थोडी थोडी सोडतात. चरबीतल्या पेशींमुळे खालचा थर मऊ होतो आणि वरची कातडी सरकू लागते, असे त्यांनी समजावले. सोडलेल्या चरबीचा काही भाग शरीरात विरून जातो, त्यामुळे एका वेळेत काम होईलच असे नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. उरलेल्या जाड भागासाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझरने सूक्ष्म छिद्रे पाडून त्यांतून ट्रायामसिनोलोन हे स्टेरॉइड आत पोचवायचे, असा पर्याय आहे. लेझरनंतर ऊन टाळावे लागते, म्हणून हे उन्हाळ्याआधी करायचे की पावसाळ्यानंतर, हा आमच्यापुढचा खरा पेच आहे.

दरम्यान एका खासगी क्लिनिकने 'स्टेम सेल'च्या (मूळपेशींच्या) चार इंजेक्शनांचे दीड लाखांचे पॅकेज सुचवले आणि व्रण पूर्ण नाहीसा होईल अशी हमी दिली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठी केले जाणारे, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर बाकी स्टेम सेल उपचार नोंदणीकृत चाचणीतच करता येतात. म्हणून मी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा त्यांनी माझ्या हातात रंगीत पत्रक ठेवले. तिथे आम्ही जाणार नाही. नातेवाईक 'रीसेल'चे, म्हणजे रुग्णाच्याच त्वचेतल्या पेशींच्या फवाऱ्याचे, व्हिडिओही पाठवतात. पण अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) रीसेलला 2018 मध्ये मान्यता दिली ती ताज्या भाजलेल्या जखमांसाठी, तेव्हा कृपया तो पर्याय सुचवू नये.

मला विचारायचे आहे ते असे : कोपर, मान किंवा गुडघा अशा सांध्यावरच्या व्रणासाठी कुणी फॅट ग्राफ्टिंग करून घेतले आहे का? किती वेळा करावे लागले, आणि हालचालीत फरक जाणवायला किती दिवस गेले? खाज कमी झाली का? कारण बहिणीला दिसण्यापेक्षा खाजेचाच त्रास जास्त आहे. नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांमध्ये कुणी भाजल्याच्या व्रणावर लेझर किंवा फॅट ग्राफ्टिंग करून घेतले असल्यास तो अनुभवही लिहावा. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट्स जास्त असलेला द्रव) घेतलेल्यांनी ती एकटी घेतली की चरबीबरोबर, हे आवर्जून सांगावे. झेड-प्लास्टीनंतर फिजिओथेरपी कधी सुरू केली आणि रात्री हात सरळ ठेवणारा स्प्लिंट (आधारपट्टी) किती महिने बांधला, हेही कळले तर फार उपयोग होईल.

सर्जनांची पुढची भेट येत्या गुरुवारी आहे. त्याआधी आलेली उत्तरे मी वहीत उतरवून सोबत नेईन आणि त्यांचे म्हणणे इथेच लिहीन.