हार्मोन उपचार पुरेसा ठरेल का, हे सांगणारी कोणती चाचणी करावी? (बजेट ६० हजार)

गोदाकाठ: धाकट्या बहिणीची (वय ४६, पाळी चालू) स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. गाठ १.८ सेंमी, ग्रेड २, काखेत प्रसार नाही, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ हार्मोनवर पोसणारी), हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह. टॅमॉक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी ठरली आहे. केमो टाळता येईल का, हे कोणत्या चाचणीने कळेल? ६० हजारांपलीकडे झेपणार नाही.

सुमेधा_६२: माझ्या आईची ऑन्कोटाइप केली, म्हणजे गाठीतील २१ जनुके पाहून आजार उलटण्याच्या धोक्याला गुण देणारी चाचणी (गुण जास्त, तर धोका जास्त). नमुना अमेरिकेला गेला, खर्च लाखांत गेला, पण १८ गुण आले आणि केमो टळली. अशा वेळी पैशांकडे पाहू नये.

वैदर्भीय: टॅमॉक्सिफेनचे शरीरात एंडॉक्सिफेन हे प्रभावी रूप करणारे सीवायपी२डी६ हे विकर (एन्झाइम) जनुकामुळे मंद असेल, तर गोळीचा उपयोग काय? पत्नीची ती चाचणी मी हट्टाने करवून घेतली. डॉक्टर हसले, हसोत बापडे.

स्लाइडवाला: डॉक्टर उगाच हसले नाहीत. एटॅक आणि बिग १-९८ या अभ्यासांतील नमुन्यांच्या २०१२ मधील विश्लेषणांत या जनुकाचा आजार उलटण्याशी संबंध आढळला नाही. मात्र पॅरोक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण ही औषधे तेच विकर रोखतात.

वैदर्भीय: म्हणजे विकराला महत्त्व आहे, हे आपणही मान्य करता!

अनुजा_ठाणे: सुमेधाताईंनी सांगितलेली ऑन्कोटाइपच करा. बीआरसीएही करून टाका, आम्ही केली होती.

स्लाइडवाला: बीआरसीए आनुवंशिक धोका सांगते, तिचा प्रश्न निराळा. सुमेधाताई, आपल्या आईंची पाळी गेलेली असणार. ऑन्कोटाइपच्या गुणांवरील २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात ११ ते २५ गुणांच्या स्त्रियांना एकंदरीत केमोचा वाढीव लाभ दिसला नाही, पण पन्नाशीच्या आतील स्त्रियांना १६ ते २५ गुणांवरही थोडा लाभ दिसला. केमोमुळे अंडाशयाचे काम थंडावते, हे त्याचे एक कारण असावे असे अनेक तज्ज्ञ मानतात. त्यामुळे तेच १८ गुण बहिणीला आले, तर निर्णय सोपा होणार नाही. बंगळूरूची कॅनअसिस्ट ही धोका सांगणारी चाचणी स्वस्त पडते, परंतु ती जनुके नव्हे, पाच प्रथिने पाहते.

सुमेधा_६२: आईचे वय ६४ होते, हे खरे. तरीही ऑन्कोटाइपच.

गोदाकाठ: सर्वांचे आभार. स्लाइडवाल्यांचा प्रतिसाद बहिणीने दोनदा वाचला आणि अंडाशयच थंड करायचे असेल तर ते इंजेक्शनने का करू नये, असे डॉक्टरांना विचारले. चाचणी केलेली बरी, असे त्यांचे मत होते, पण त्यांनी नकार दिला नाही. आता टॅमॉक्सिफेनसोबत दर २८ दिवसांनी गोसेरेलिन हे अंडाशय थंड करणारे इंजेक्शन सुरू होत आहे. चाचणी नाही, ६० हजार इंजेक्शनांसाठी ठेवले आहेत.