ख्रिस्ती माणूस पापमुक्त जीवन जगू शकतो का? 'चूक' आणि 'पाप' यांविषयी एक प्रश्न

वऱ्हाडी_पथिक (प्रश्न)

सर्वांना सलाम. माझे बालपण विदर्भातील अशा एका मंडळीत गेले जिथे 'संपूर्ण पवित्रीकरण' ही शिकवण फार महत्त्वाची मानली जात असे. उज्जीवन सभेच्या (विश्वास नव्याने चेतवण्यासाठी भरणाऱ्या सभेच्या) शेवटच्या रात्री लोक पुढे जाऊन गुडघे टेकत आणि आपल्या अंतःकरणातील पापाचे मूळ प्रभूने उपटून टाकले, अशी साक्ष देत. मी सहावीत असताना माझ्या वडिलांनीही ती साक्ष दिली. त्यानंतर महिना उलटण्याच्या आत, वरण खारट झाले म्हणून त्यांनी जेवणाचे ताट भिंतीवर भिरकावले. आईने काही न बोलता फडके ओले करून भिंत पुसली, तरी हळदीचा डाग पुढच्या रंगकामापर्यंत राहिला. त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत वडील म्हणाले, "प्रभू, आज माझ्याकडून चूक झाली." 'पाप' हा शब्द त्यांनी वापरला नाही, आणि तो वापरला असता तर साक्षच खोटी ठरली असती, हे मला त्या वयातही कळले होते.

आता मी पुण्यात ज्या चर्चमध्ये जातो तिथे दर रविवारी सर्व जण मिळून पापांगीकार वाचतात. तो ऐकताना मनात उलटा प्रश्न उभा राहतो, की आयुष्यभर दर आठवड्याला तेच कबूल करायचे असेल, तर 'पाप तुमच्यावर सत्ता चालवणार नाही' या रोमकरांस पत्रातील (6:14) वचनाचा अर्थ काय उरला? योहानाच्या पहिल्या पत्रात तर दोन्ही बाजू आहेत: आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो (1:8) आणि देवापासून जन्मलेला पाप करत नाही (3:9). यांचा मेळ कसा घालावा?

शास्त्रपाठी

या दोन वचनांचा मेळ घालताना पाळकमंडळी सहसा व्याकरणाकडे वळतात. मूळ ग्रीकमध्ये 3:9 मधील क्रियापद वर्तमानकाळी असल्यामुळे तिथे 'पाप करत राहत नाही', म्हणजे पापाची सवय बाळगत नाही, एवढाच अर्थ आहे, असे ते सांगतात. मीही हेच अनेक वर्षे शिकवले, पण आता माझे तेवढ्याने समाधान होत नाही. 'तो दारू पीत नाही' असे आपण मराठीत म्हणतो तेव्हा सवयीबद्दलच बोलत असतो, हे खरे. परंतु सणासुदीला दोन घोट घेणाऱ्याविषयी ते वाक्य कोणी वापरत नाही. शिवाय त्याच पत्रात 5:16 मध्ये 'आपला भाऊ पाप करताना दिसला तर' असे जे म्हटले आहे, तिथेही क्रियापदाचे रूप वर्तमानकाळीच आहे आणि बोलणे मंडळीतल्या भावाविषयीच चालले आहे. त्यामुळे सगळा भार काळावर टाकता येत नाही.

माझ्या मते योहान दोन वेगळ्या माणसांना उत्तर देत आहे. आपल्याला क्षमेची गरजच नाही असे म्हणणाऱ्याला पहिल्या अध्यायात, आणि कसेही वागले तरी आपण देवाचेच आहोत असे म्हणणाऱ्याला तिसऱ्या अध्यायात. दोघांना एकच औषध दिले असते तर एकाचा रोग बळावला असता.

मेथडिस्ट_वाचक

मूळ प्रश्नातील शिकवण मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या परंपरेतून आलेली दिसते, म्हणून त्याची बाजू नीट मांडली जावी असे वाटते. ख्रिस्ती पूर्णत्वाविषयीचे त्याचे विवेचन 1766 साली ग्रंथरूपाने आले. खऱ्या अर्थाने पाप म्हणजे माहीत असलेल्या देवाच्या आज्ञेचे स्वेच्छेने केलेले उल्लंघन, ही त्याची व्याख्या. अज्ञान, विस्मृती, चुकीचा अंदाज यांतून जे घडते ते त्याने दुर्बलतेत गणले. पण त्या चुकांनाही ख्रिस्ताच्या रक्ताची गरज आहे आणि पूर्णत्वाला पोहोचलेल्यानेही 'आमची ऋणे (म्हणजे पापे) आम्हांस सोड' ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना करावी, असे त्याने स्पष्ट लिहिले. 'निष्पाप पूर्णत्व' हा शब्दप्रयोग आपण करत नाही, असेही तो म्हणतो. त्याच्या दृष्टीने पूर्णत्व हे प्रीतीचे होते: देवावर सर्वस्वाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती. त्या मापाने पाहिले तर ताट भिरकावणे ही विस्मृती नव्हे आणि चुकीचा अंदाजही नव्हे. वेस्लीने त्याला चूक म्हटले नसते.

जाता जाता महाराष्ट्रातले एक उदाहरण देतो. पंडिता रमाबाई 1898 साली इंग्लंडमधील केझिकच्या अधिवेशनाला गेल्या होत्या. पापाचे मूळ उपटले जाते असे तिथले वक्ते मानत नसत. पवित्र आत्म्याच्या बळावर ओळखीच्या पापावर विजय मिळतो, अशी त्यांची शिकवण होती. पुढे 1905 मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात उज्जीवन झाले, तेव्हा आपण निष्पाप झालो असे सांगण्याने त्याची सुरुवात झाली नाही. मुली रडत आपली पापे कबूल करू लागल्या.

वसईकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडची बाजू थोडक्यात सांगतो. ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 साली ठरवले, की नीतिमान ठरलेला माणूस देवाच्या खास कृपेशिवाय आयुष्यभर सर्व लहान पापेसुद्धा टाळू शकत नाही. अशी कृपा पवित्र मरियेला मिळाली, असे चर्च मानते. मोठे पाप मात्र कृपेच्या साहाय्याने टाळता येते, आणि ते टाळलेच पाहिजे. त्याही आधी, 418 साली कार्थेजच्या सभेने पेलागियसच्या मताविरुद्ध (माणूस स्वतःच्या इच्छाबळावर निष्पाप राहू शकतो, या मताविरुद्ध) एक मार्मिक निर्णय दिला होता: 'आमची ऋणे सोड' हे शब्द संतजन केवळ नम्रतेपोटी उच्चारतात, खरोखर लागू आहेत म्हणून नव्हे, असे जो म्हणेल तो बहिष्कृत.

माझी आजी दर पहिल्या शुक्रवारच्या आधी कुमसाराला (धर्मगुरूंजवळ पापे कबूल करायला) जात असे. घरातून निघताना ती सुनेला विचारायची, "या महिन्यात मी तुला काय काय बोलले ते सांग, मी विसरते." सून हसून टाळायची, पण आजी उंबऱ्यात उभी राहून उत्तराची वाट पाहायची.

वऱ्हाडी_पथिक

आपणा सर्वांचा आभारी आहे. वेस्लीची व्याख्या इतकी काटेकोर होती हे मला माहीत नव्हते. आमच्यापर्यंत तिचा केवळ सोयीचा अर्धा भाग पोहोचला असावा. तरीही एक शंका उरते. उल्लंघन स्वेच्छेने झाले की नकळत, हे करणाऱ्याने ठरवायचे असेल, तर माझ्या वडिलांसारखा माणूस प्रत्येक वेळी 'चूक' याच रकान्यात नोंद करणार. वसईकरांच्या आजींनी तो निवाडा सुनेकडे सोपवला, याचा मी दोन दिवस विचार करत आहे. याला शास्त्रात आधार आहे का?

शास्त्रपाठी

आहे. मत्तय 5:23-24 पुन्हा वाचावे. वेदीजवळ दान अर्पण करताना तुला तुझा अपराध आठवला तर, असे येशू तिथे म्हणत नाही. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर, असे म्हणतो, आणि दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायला सांगतो. चूक की पाप, हा प्रश्न तो त्या ठिकाणी काढतच नाही.

आपले वडील हयात असतील तर हे वचन त्यांना दाखवण्यापूर्वी, त्या भिंतीबद्दल आईंना काय वाटते ते एकदा विचारावे.