बँक म्हणते 'क्रेडिट', पुस्तक म्हणतं 'डेबिट'. माझ्या पैशाचं नक्की काय झालं?

सायन्समधून_कॉमर्सला, वडोदरा

नमस्कार. बारावी सायन्सची, नीटचा नाद सोडला आणि यंदा इथेच बी.कॉम.ला प्रवेश घेतला. वर्गातल्या बऱ्याच मुलींनी अकरावी-बारावीला अकाउंट्स केलंय. त्या 'आमनोंध' (जर्नल), 'काचुं सरवैयुं' (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) पटापट बोलतात, पुस्तक इंग्रजीत आणि घरी आजोबा कीर्द-खतावणी (जर्नल-लेजर) म्हणतात. तेवढं मी जमवून घेतेय. अडलंय दुसरीकडेच.

बाबांनी फीचे पैसे माझ्या खात्यात टाकले, मोबाइलवर मेसेज आला की खातं क्रेडिट झालं. पुस्तकात मात्र बँकेत पैसे आले की बँक खातं डेबिट. मग उलटं कोण लिहितंय?

दुसरं, वर्षअखेरचा शिल्लक माल ट्रायल बॅलन्समध्ये कुठेच नसतो आणि पुढे ट्रेडिंग अकाउंट (ढोबळ नफा काढायचं खातं) आणि बॅलन्स शीट (ताळेबंद) अशा दोन्ही ठिकाणी लिहायचा. का?

तिसरं, ट्यूटोरियलच्या गणितात माझा ट्रायल बॅलन्स ६३० रुपयांनी जुळत नाहीये. बेरजा पुन्हा पुन्हा केल्या, बरोबर आहेत.

काय डेबिट आणि काय क्रेडिट करायचं ते सांगणारे तिन्ही गोल्डन रूल्स तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवलंत तरी म्हणेन. पण एखादा व्यवहार समोर आला की कुठला नियम लावायचा तेच कळत नाही. हा विषय पाठच करायचा असतो का?

एफसात, वडोदरा

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शीक, बाकी सोड. एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल. आजकाल हाताने कोण लिहितं? ट्रायल बॅलन्स आपोआप जुळतो.

मकरपुरा_निवृत्त, वडोदरा

वरच्या भाऊंना सांगतो, टॅली दोन बाजू सारख्या नसतील तर नोंद घेणार नाही, इथवर खरं. पण गाडीच्या दुरुस्तीचा खर्च कुणी 'गाडी' या मालमत्तेच्या खात्यात टाकला, तर टॅली तो निमूटपणे घेईल. तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्सही जुळेल आणि नफा मात्र फुगलेला दिसेल. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. कॉम्प्युटर आल्यावर बेरजेच्या चुका संपल्या, अकलेच्या तशाच राहिल्या.

आता मुली, तुझी बँक. मोबाइलवर आलेला मेसेज बँकेच्या वहीतला उतारा आहे, तुझ्या वहीतला नव्हे. तू पैसे ठेवलेस म्हणजे बँक तुझं देणं लागते. देणं वाढलं की जमा, म्हणजे क्रेडिट. तुझ्या वहीत बँकेकडून येणं वाढलं, म्हणून बँक नावे, म्हणजे डेबिट. व्यवहार एक, वह्या दोन, दोन्ही बरोबर. खात्री करायची असेल तर बँक ऑफ बडोदाचा वार्षिक अहवाल उघड. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली आपल्याच गावात काढलेली बँक, अहवाल वेबसाइटवर फुकट मिळतो. ताळेबंदात लोकांच्या ठेवी देण्यांमध्ये दिसतील, शेड्यूल ३. बँकेने दिलेली कर्जं मालमत्तेत, शेड्यूल ९. तुझ्या आजोबांची एफडी ही त्यांची मालमत्ता आणि बँकेचं देणं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ गेला. कुठलंही गणित वाचताना आधी विचारायचं: वही कुणाची?

गोल्डन रूल्सवर माझा फारसा जीव नाही. परीक्षेत विचारतात म्हणून पाठ असू देत. मी नव्या पोरांना एवढंच सांगायचो: मालमत्ता आणि खर्च वाढले की नावे, देणं, भांडवल आणि उत्पन्न वाढलं की जमा, कमी झालं की उलट. आणि नावे म्हणजे वाईट, जमा म्हणजे चांगलं, हे डोक्यातून काढून टाक. त्या नुसत्या दोन बाजू आहेत.

पाठ करण्यापेक्षा एक धंदा अथपासून इतिपर्यंत हाताने लिही. सेव-उसळची गाडी घे, महिन्याभराची. आकडे मी देतो.

मालकाने ४०,००० रुपये धंद्याच्या नावाने बँकेत टाकले. बँक नावे, भांडवल जमा. धंदा मालकाचंही देणं लागतो, कारण हिशेबात धंदा वेगळा आणि माणूस वेगळा. गाडी, शेगडी, भांडी २४,०००, बँकेतून. वाटाणे, शेव, पाव, मसाला मिळून ९,००० चा माल उधारीवर. खरेदी नावे, व्यापारी जमा. महिन्याची विक्री २१,०००, सगळी रोख. जागेचं तीन महिन्यांचं भाडं ६,००० एकदम रोख दिलं. पोऱ्याचा पगार ५,००० रोख. मालकाने घरखर्चाला गल्ल्यातून ३,००० नेले. हा धंद्याचा खर्च नाही, ती उचल.

तेरीज लाव. नावे बाजूला बँक १६,०००, रोख ७,०००, गाडी २४,०००, खरेदी ९,०००, भाडं ६,०००, पगार ५,०००, उचल ३,०००. जमा बाजूला भांडवल ४०,०००, व्यापारी ९,०००, विक्री २१,०००. दोन्हीकडे ७०,०००.

आता महिनाअखेरीला डब्यांत १,५०० चे वाटाणे-मसाला उरलाय. हा तुझा दुसरा प्रश्न. तो तेरजेत का नाही? कारण तो खरेदीच्या ९,००० मध्ये आधीच बसलाय. वेगळा लिहिलास तर तोच माल दोनदा मोजशील. पण विकलेल्या मालाला किती लागले ते काढायचं तर न विकलेला वजा करावा लागतो, म्हणून ट्रेडिंगमध्ये. आणि तो डब्यात खरोखर आहे, पुढच्या महिन्यात विकला जाणार, म्हणून ताळेबंदात. हीच त्याची दुहेरी नोंद.

बाकीचं असंच. भाड्यातले २,००० या महिन्याचे, ४,००० आगाऊ. गाडी चार वर्षं चालेल आणि शेवटी काही येणार नाही असं धरलं तर महिन्याचा घसारा, म्हणजे झिजेचा खर्च, ५००. नफा काढ आणि इथे लिही. मी सांगणार नाही.

लालचोपडा, वडोदरा

काका, एक भर. आमचं मांडवीकडे भांड्यांचं दुकान आहे आणि आजोबांचे लाल कापडी बांधणीचे चोपडे अजून माळ्यावर आहेत. पानावर रेघा नाहीत, घड्या घालून सळ पाडलेले. त्यात जमा डावीकडे आणि उधार, म्हणजे नावे, उजवीकडे! मी कॉलेजात डेबिट डावीकडे लिहायला लागलो तेव्हा आजोबा म्हणाले, पोराला उलटं शिकवतायत. घरात कुणी जुना चोपडा दाखवून समजावत असेल तर ताईंनी आधी बाजू बघून घ्यावी.

बाकी आम्ही दिवाळीला चोपडापूजन आजही करतो, पहिल्या पानावर श्री, शुभ-लाभ, सगळं. हिशेब मात्र ३१ मार्चलाच बंद. १९८९ पासून आयकराला सगळ्यांचं वर्ष एकच झालं, त्याआधी आमच्याकडे दिवाळी ते दिवाळी चालायचं.

आर्टिकलशिप_चालू, वडोदरा

६३० चं मी बघते, ऑफिसात दिवसभर हेच करते.

आधी निम्मं कर. ३१५ ची एखादी रक्कम आहे का बघ. असेल तर ती चुकीच्या बाजूला गेली असेल, कारण तेव्हा फरक दुप्पट पडतो. नसेल तर ९ ने भाग. ६३० ला भाग जातो, म्हणजे आकडे उलटसुलट झाल्याचा दाट संशय. फरक ९० च्या सातपट आहे. तेव्हा शतक आणि दशक स्थानच्या आकड्यांत ७ चं अंतर असलेली रक्कम शोध, ८१ चं १८ किंवा ९२ चं २९ झालेलं असतं. हेही नसेल तर एखादं खातं तेरजेत उतरवायचंच राहिलंय का बघ, ६३० शिल्लक असलेलं. बेरजा पुन्हा करत बसू नकोस.

आणि जुळलं म्हणजे बरोबर, असंही समजू नकोस. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा अमुक गिऱ्हाइकाऐवजी तमुकच्या खात्यात गेला, तरी तेरीज मस्त जुळते.

सायन्समधून_कॉमर्सला

ताई, सापडलं! लेजरमध्ये फर्निचर १,८१० आहे, मी ट्रायल बॅलन्समध्ये १,१८० उतरवलं होतं. थँक्यू!!

काका, तुमची गाडी. विक्री २१,०००. लागलेला माल ९,००० वजा १,५००, म्हणजे ७,५००. ढोबळ नफा १३,५००. त्यातून भाडं २,०००, पगार ५,०००, घसारा ५००. निव्वळ नफा ६,०००.

पण एक खटकतंय. सुरुवातीला बँकेत ४०,००० होते. आता बँक आणि गल्ला मिळून २३,०००. पैसे १७,००० नी कमी झाले आणि मी ६,००० नफा लिहितेय?

मकरपुरा_निवृत्त

शाबास. हा प्रश्न पडला नसता तर मीच टाकणार होतो.

नफा म्हणजे रोकड नव्हे. गाडीला २४,००० गेले, पण या महिन्याच्या नफ्यातून फक्त ५०० वजा झाले. भाड्याचे ४,००० पुढच्या दोन महिन्यांचे. मालकाने नेलेले ३,००० नफ्याला शिवतच नाहीत. उलट वाटाणेवाल्याला अजून दमडी दिलेली नाही, तरी त्याचा माल खर्चात धरलाय. नफा दाखवणारे धंदे रोकडीवाचून बसतात ते असेच. मोठ्या कंपन्या रोख प्रवाहाचं वेगळं पत्रक देतात ते याचसाठी, ते तुला पुढे येईल.

ताळेबंद घाल बघू.

सायन्समधून_कॉमर्सला

मालमत्ता: बँक १६,०००, रोख ७,०००, गाडी २३,५००, शिल्लक माल १,५००, आगाऊ भाडं ४,०००. एकूण ५२,०००.

दुसऱ्या बाजूला भांडवल ४०,००० अधिक नफा ६,००० वजा उचल ३,०००, म्हणजे ४३,०००. व्यापारी ९,०००. ५२,०००. जुळलं!

मकरपुरा_निवृत्त

आता वाटाणेवाला दारात आलाय. त्याचे ९,००० बँकेतून देऊन टाक. नफा किती झाला?

सायन्समधून_कॉमर्सला

६,०००च. खरेदी झाली तेव्हाच ती धरली होती. व्यापारी नावे, बँक जमा. ताळेबंद दोन्हीकडे ४३,००० वर येईल.

मकरपुरा_निवृत्त

बरोबर. उद्या याच गाडीचा घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीवर, काढ, वर्षाला २५ टक्के धरून. तीन वर्षांचे आकडे टाक इथे.